फिरता प्रॉक्सी विकत घेण्यापूर्वी

बाजारभाव काढण्याची एक जुनी रीत आपल्या व्यापाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. एखाद्या हुशार पोराला सकाळी पेठेत पाठवायचे. त्याने गिऱ्हाईक बनून पाच-सात दुकानांत भाव विचारायचे आणि दुपारच्या आत पेढीवर येऊन सांगायचे. भिवंडीचा कापडवाला असो, मालेगावचा साडीवाला असो की कोल्हापूरचा चप्पल कारखानदार, हे काम सर्वांनी केले आहे. आता पेठेचा मोठा भाग मोबाईलवर गेला. आपल्यासारखीच साडी अॅमेझॉनवर काय भावाने आहे, फ्लिपकार्टवर किती सूट चालू आहे, मीशोवर कोणी किती खाली उतरला आहे, हे रोज पाहिल्याशिवाय माल मांडता येत नाही. दोनशे डिझाइन आणि पाच ठिकाणे म्हटली की हाताने पाहणे संपले. मग संगणकाकडून ही पाने वाचून घेऊन भाव वहीत उतरवण्याचा उपाय पुढे येतो. या कामाला स्क्रेपिंग म्हणतात.

पहिले दोन दिवस ते झकास चालते. तिसऱ्या दिवशी संकेतस्थळ दार लावून घेते. मग प्रोग्राम लिहून देणारा मुलगा सांगतो, "शेठ, रोटेटिंग प्रॉक्सी घ्यावा लागेल." त्याचे भाव काढायला जावे तर एकजण महिन्याला पाचशे रुपये सांगतो, दुसरा पंधरा हजार. दोघेही म्हणतात, आमच्याकडे लाखो आयपी आहेत. यातला खरा माल कोणता आणि तो कसा पारखावा, हे आमच्या वाचकांना समजावे म्हणून हा लेख.

दार का बंद होते

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो, त्यास आयपी म्हणतात. तुम्ही कोणतेही पान मागितले की मागणी कोणत्या पत्त्यावरून आली हे समोरच्यास दिसते. एका पत्त्यावरून मिनिटाला शंभर पाने मागितली गेली तर हा माणूस नव्हे, यंत्र आहे हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. मग ४२९ हा आकडा येतो, म्हणजे "फार वेळा विचारलेत, थांबा". किंवा ४०३ येतो, म्हणजे सरळ मनाई. किंवा चित्रांतले सिग्नल ओळखायला लावणारा कॅप्चा येतो.

प्रॉक्सी हा मधला माणूस. तुम्ही मागणी त्याच्याकडे द्यायची, त्याने ती आपल्या पत्त्यावरून पुढे न्यायची आणि उत्तर तुम्हाला आणून द्यायचे. फिरता प्रॉक्सी म्हणजे असा मध्यस्थ जो दर वेळी निराळा पत्ता वापरतो. पेठेत रोज एकच पोरगा न पाठवता दर दुकानाला वेगळा पोरगा पाठवावा, तसेच हे.

हे पत्ते इतके महाग का, याचेही कारण आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटी एवढेच बनू शकतात. जागतिक पातळीवरचा त्यांचा शिल्लक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. तेव्हापासून हा जमिनीसारखा माल झाला आहे: नवा तयार होत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि भाड्याने दिला जातो.

खरोखर गरज आहे काय

आमचे स्पष्ट मत असे की ज्यांना हा माल विकला जातो त्यांतल्या पुष्कळांना त्याची गरज नसते. दिवसाकाठी दोन-तीनशे पाने पाहायची असतील तर घरच्याच जोडणीवरून, दोन मागण्यांत दहा-वीस सेकंद सोडून, रात्रभर हे काम आरामात होते. घाई हाच बहुतेक वेळा गुन्हा ठरतो. तुम्ही स्वतः जेथे विक्रेते आहात तेथे विक्रेत्यांसाठी अधिकृत जोडणी, म्हणजे एपीआय, मिळते काय ते आधी पाहावे. आपल्या मालाची माहिती त्यातून रीतसर मिळते.

शेतमालाचा व्यापार करणाऱ्यांनी तर प्रॉक्सीवर पैसाही घालवू नये. लासलगावचा कांदा, जालन्याची मोसंबी, सांगलीची हळद यांचे बाजार समितीतील भाव सरकारच्या अॅगमार्कनेटवर फुकट मिळतात, आणि सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून ते संगणकाला थेट वाचण्याजोग्या रूपातही घेता येतात.

बहुतेक संकेतस्थळांच्या मुळाशी रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक साधी फाईल असते. यंत्रांनी कोठे यावे आणि कोठे येऊ नये हे त्यात लिहिलेले असते. ही रीत १९९४ पासून चालत आली, आणि २०२२ मध्ये तिला रीतसर मानकाचे रूप मिळाले. ती फाईल एकदा उघडून वाचावी. दुकानदाराने पाटी लावली असेल तर ती वाचून मगच आत जावे, एवढीच ही गोष्ट.

मालाचे प्रकार

एवढे करूनही गरज उरली तर मालाचे प्रकार समजून घ्यावे लागतील. पहिला डेटासेंटरचा पत्ता. हा मोठ्या संगणक-गोदामांतला असतो. वेगवान आणि स्वस्त, बहुधा नगावर मिळतो. पण हे पत्ते कोणत्या कंपनीच्या नावे आहेत हे उघड नोंदीत असते, त्यामुळे मोठी संकेतस्थळे त्यांना दारातच ओळखतात. लहान दुकाने, उत्पादकांची संकेतस्थळे, सरकारी याद्या यांसाठी मात्र हा माल पुरेसा आहे आणि आम्ही प्रथम हाच वापरून पाहा असे सांगू.

दुसरा रेसिडेन्शियल, म्हणजे घरगुती पत्ता. कोणाच्या तरी घरच्या ब्रॉडबँडवरून तुमची मागणी जाते. समोरच्यास ते साधे गिऱ्हाईक वाटते. हा माल जीबीवर, म्हणजे वजनावर विकला जातो. तिसरा मोबाईलचा पत्ता, सर्वांत महाग. मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात, त्यामुळे तो पत्ता बंद केला तर खरी गिऱ्हाइकेही बाहेर राहतील या भीतीने संकेतस्थळे हात आखडता घेतात. याशिवाय आयएसपी प्रॉक्सी म्हणून एक मधला प्रकार आहे: पत्ता ब्रॉडबँड कंपनीच्या नावे, पण बसलेला गोदामात. तो टिकाऊ असतो, फारसा फिरत नाही.

फिरण्याचेही दोन प्रकार आहेत आणि येथे पुष्कळजण फसतात. एकात प्रत्येक मागणीला नवा पत्ता. दुसऱ्यात तोच पत्ता दहा, वीस किंवा तीस मिनिटे धरून ठेवता येतो, त्याला स्टिकी सेशन म्हणतात. आपल्या देशातील बाजारपेठांवर भाव आणि डिलिव्हरी पुष्कळदा पिनकोडवर अवलंबून असते. पिनकोड एकदा टाकायचा आणि मग त्याच भेटीत पन्नास साड्या पाहायच्या. मध्येच पत्ता बदलला तर समोरचा तुम्हाला नवे गिऱ्हाईक समजतो, पिनकोड विसरतो आणि तुमच्या वहीत छत्रपती संभाजीनगरऐवजी दिल्लीचा भाव उतरतो. चूक दिसतही नाही, कारण आकडा तर आला! ज्याच्याकडे पत्ता धरून ठेवण्याची सोय नाही त्याच्याकडून भावाच्या कामासाठी माल घेऊ नये. "मुंबईचेच आयपी देतो" या आश्वासनालाही फार किंमत देऊ नका. पत्त्यावरून शहर ओळखणे हा अंदाजाचा कारभार आहे. देश बहुधा बरोबर निघतो, शहर पुष्कळदा चुकते.

पारख कशी करावी

कापड घेताना ताग्याचे एक टोक धुऊन पाहतो तसे येथेही करावे. विक्रेत्याकडे तीन दिवसांची चाचणी किंवा एक-दोन जीबीचा लहान सौदा मागावा. जो नमुना देत नाही आणि वर्षाचे पैसे आगाऊ मागतो त्याचे दुकान ओलांडून पुढे जावे.

प्रथम त्याच्या "लाखो आयपी"ची मोजणी. तुमचा पत्ता काय आहे एवढेच सांगणारी फुकट पाने इंटरनेटवर आहेत. प्रॉक्सीमधून ते पान सकाळी १,००० वेळा मागवावे आणि आलेले पत्ते लिहून घ्यावेत. समजा ८०० निरनिराळे निघाले. संध्याकाळी पुन्हा १,००० वेळा मागवावे. समजा पुन्हा ८०० निराळे निघाले आणि त्यांतले १६० सकाळच्या यादीतही होते. आता ८०० गुणिले ८०० भागिले १६० करा. उत्तर ४,००० येते. म्हणजे तुमच्या वाट्याला आलेला साठा चार हजारांच्या आसपास आहे, जाहिरातीत तो एक कोटी का असेना. तळ्यातील मासे मोजणारे हीच युक्ती वापरतात: काही मासे पकडून खूण करून सोडतात आणि पुन्हा जाळे टाकून त्यांत खुणेचे किती आले ते पाहतात. हा अदमास आहे, पक्का हिशेब नव्हे. घरगुती जोडण्यांचे पत्ते दिवसभरात आपोआप बदलतात, आणि विक्रेता चाचणीत साठ्याचा एक कोपराच उघडत असेल. पण चार हजार आणि एक कोटी यांतला फरक अदमासानेही कळतो. चार हजार हा आकडाही वाईट नाही. तुमच्या कामाला तो पुरत असेल तर खुशाल घ्या, फक्त पैसे चार हजारांचे द्या.

पत्ते एकाच आळीतले आहेत काय हेही पाहावे. आयपीचे चार भाग असतात. यादीतले पहिले तीन भाग सारखेच असलेले पत्ते ढिगाने निघाले तर समोरचा एका फटक्यात सगळी आळी बंद करू शकतो. आणि तो पत्ता कोणत्या कंपनीच्या नावे आहे हे उघड नोंदीतून तपासावे. घरगुती म्हणून विकलेला माल संगणक-गोदामाचा निघाला तर सुती सांगून पॉलिस्टर गळ्यात मारल्यासारखेच झाले.

मग यश किती ते मोजावे. येथे एक मेख आहे. विक्रेत्याच्या लेखी पान परत आले म्हणजे यश. पण ते पान कॅप्चाचे असेल, रिकामे असेल, तरीही वर २०० म्हणजे "ठीक" हाच आकडा असू शकतो. म्हणून ज्या वीस वस्तूंचा भाव तुम्ही स्वतः मोबाईलवर पाहिला आहे त्या वीस वस्तू प्रोग्रामकडून वाचून घ्याव्यात आणि आकडे जुळवावेत. जुळले तेवढेच यश. ही चाचणी दुपारी, रात्री आणि एखाद्या मोठ्या सेलच्या दिवशी अशी तिन्ही वेळा घ्यावी. सेलच्या दिवशीच खरी गरज असते आणि त्याच दिवशी हलका माल कोलमडतो.

मध्यस्थ तुमचा खरा पत्ता समोरच्यास सांगून तर बसत नाही ना, हेही त्याच चाचणीत दिसते. काही हलके प्रॉक्सी मागणीच्या मथळ्यात मूळ पत्ता जसाच्या तसा पुढे पाठवतात. असा माल फुकट मिळाला तरी महाग.

हिशेब वजनाचा

घरगुती माल वजनावर मिळतो म्हटले, तेव्हा वजन काढू. दोनशे डिझाइन, पाच ठिकाणे, दिवसातून दोन वेळा: रोजची २,००० पाने, महिन्याची ६०,०००. एक पान चित्रांसह २ एमबी धरले तर महिन्याला १२० जीबी झाले. जीबीचा दर ४०० रुपये समजू. ४८,००० रुपये! एवढ्यात एक मुनीम आणि एक पोरगा ठेवता येईल. पण भाव वाचायला साडीचे चित्र लागत नाही. प्रोग्राममध्ये चित्रे, व्हिडिओ, जाहिराती बंद केल्या आणि पान २०० केबीवर आणले तर १२ जीबी, म्हणजे ४,८०० रुपये. एका सूचनेत दहापटीचा फरक. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला हे आधी विचारा. पुष्कळजण ब्राउझर जसाच्या तसा चालवतात, कारण बिल त्यांच्या खिशातून जात नाही.

आता स्वस्त-महागाचे. एकजण २५० रुपये जीबीने देतो, पण दोनांतले एकच पान खरे येते. दुसरा ४०० ने देतो आणि शंभरात ९५ खरी येतात. फसलेल्या पानालाही तेवढेच वजन लागते असे धरले तर पहिल्याचा खरा दर ५०० रुपये आणि दुसऱ्याचा साधारण ४२१ रुपये झाला. (नकाराचे पान कधी हलके असते, तेव्हा हा फरक थोडा कमी होईल. म्हणून दर स्वतःच्या चाचणीवरून काढावा.) विक्रेत्याशी बोलताना जीबीचा भाव करू नये, एका खऱ्या पानाला किती पैसे पडले तो भाव मनात धरावा.

पत्ता कोणाच्या घरचा

ही बाब आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरगुती पत्ता म्हणजे कोणाचे तरी घर. त्या घरच्या माणसाने परवानगी दिली आहे काय? २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट व्हीपीएनबाबत असे उघड झाले की ते वापरणाऱ्यांच्या जोडण्या लुमिनाटी या नावाने दुसऱ्यांना विकल्या जात होत्या. बहुसंख्य वापरणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते. लुमिनाटीने पुढे २०२१ मध्ये ब्राइट डेटा हे नाव घेतले. त्याहून वाईट प्रकरण ९११ एस५ चे. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केले की फुकट व्हीपीएनच्या आडून लोकांच्या संगणकांत शिरून १ कोटी ९० लाखांहून अधिक पत्त्यांचे जाळे उभारले गेले आणि ते प्रॉक्सी म्हणून भाड्याने दिले गेले. त्यातून मोठमोठे आर्थिक गुन्हे झाले आणि चालवणाऱ्यास अटक झाली. जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० बद्दल इशारा दिला: स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स कारखान्यातूनच रोग घेऊन येतात आणि घरची जोडणी प्रॉक्सी म्हणून परस्पर वापरली जाते. जुलै २०२५ मध्ये गुगलने या प्रकरणी दावा लावला, त्यात एक कोटीहून अधिक उपकरणांचा उल्लेख आहे.

तेव्हा विक्रेत्याला लेखी विचारावे: हे पत्ते कसे मिळवता, घरमालकाची संमती कशी घेता, त्याला मोबदला काय देता, आणि त्याला बाहेर पडायचे असल्यास मार्ग कोणता? उत्तर गोलमाल आले तर तो चोरीचा माल समजावा. चोरीचा माल स्वस्त पडतो म्हणून आपण दुकानात ठेवत नाही. येथेही दुसऱ्याच्या हक्काची वस्तू त्याच्या नकळत वापरणे हा तोच प्रकार आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. "इंटरनेट शेअर करा आणि घरबसल्या कमवा" अशी अॅप तरुण मुले मोबाईलवर टाकतात. मिळतात चार पैसे. पण त्यांच्या पत्त्यावरून कोणी अनोळखी माणूस फसवणूक करील तर नोंदीत पत्ता तुमच्या घरचा निघेल आणि पोलीस प्रथम तुमचेच दार वाजवतील. दुकानाच्या वायफायवर असे अॅप चालू नये याची मालकांनी काळजी घ्यावी. नाव नसलेला स्वस्त टीव्ही बॉक्स दुकानात किंवा घरी जोडू नये, आणि गिऱ्हाइकास विकूही नये.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत यावर बरेच खटले झाले. हायक्यू आणि लिंक्डइन यांच्या वादात एप्रिल २०२२ मध्ये अपील न्यायालयाने उघड माहिती वाचण्याच्या बाजूने कौल दिला, पण त्याच वर्षी अखेरीस हायक्यूने संकेतस्थळाच्या अटी मोडल्याचे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये मेटा विरुद्ध ब्राइट डेटा या दाव्यात न्यायालयाने म्हटले की लॉगिन न करता उघड माहिती वाचण्यास मेटाच्या अटी मनाई करत नाहीत. यावरून एक व्यवहारी रेघ दिसते: सर्वांना दिसणारा भाव वाचणे एक, आणि खाते उघडून, अटी मान्य करून आतली माहिती उपसणे दुसरे.

पण आपण भारतात धंदा करतो. येथे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकातील माहिती उतरवून घेण्याबद्दल भरपाईची जबाबदारी टाकते. तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. माणसांची नावे, फोन नंबर, पत्ते गोळा करण्याच्या फंदात पडूच नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यातील दंडाची कमाल २५० कोटी रुपये आहे. साडीचा भाव ही वैयक्तिक माहिती नाही. साडी घेणारीचा नंबर ती आहे.

तिकिटांचे काम करणाऱ्या आमच्या बंधूंना वेगळे सांगतो. तत्काळ तिकिटे यंत्राने काढण्यासाठी हाच माल उघडपणे विकला जातो. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ खाली अधिकृत एजंट नसताना तिकिटांचा धंदा करणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ऑनलाइन काढलेल्या तिकिटांनाही हे कलम लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारची पडताळणीही आली. येथे चांगला प्रॉक्सी आणि वाईट प्रॉक्सी असा भेद उरत नाही.

पैसे देताना

बहुतेक विक्रेते परदेशी आहेत. बिल डॉलरमध्ये येते, वर कार्डाचे परकीय चलनाचे शुल्क. जीएसटी नोंदणी असलेल्याने परदेशातून घेतलेल्या सेवेवर रिव्हर्स चार्जने १८ टक्के कर स्वतः भरायचा असतो. नेहमीच्या नोंदणीत त्याची वजावट मिळू शकते, कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही, त्यांनी तो खर्चच धरावा. केवळ क्रिप्टोत पैसे मागणारा, पत्ता आणि बिल न देणारा विक्रेता टाळावा. न वापरलेले जीबी पुढच्या महिन्यात जातात की बुडतात, हे आधी विचारावे. आपोआप नूतनीकरणाची खूण पहिल्याच दिवशी काढून टाकावी.

आणि प्रॉक्सीमधून आपले विक्रेता खाते, बँक किंवा जीएसटीचे पोर्टल कधीही उघडू नये. कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस पानाचा मजकूर मध्यस्थास सहसा दिसत नाही. पण "आमचे सर्टिफिकेट संगणकात टाका" असे तो सांगू लागला आणि तुम्ही ते टाकले, तर कुलपाची किल्ली त्याच्या हाती गेली. भाव पाहण्याचा संगणक निराळा ठेवावा. जुना, दहा हजारांचा असला तरी चालेल.